दुसऱ्यांच्या ओळी, माझं नाव

"हिला रिकाम्या जागेचा पगार मिळतो," असं आमचे हे माझ्या नोकरीबद्दल चारचौघांत सांगायचे. स्वतः एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरच्या धगीशी उभं राहून नोकरी केलेला माणूस. घाम आला नाही तर ते काम कसलं, अशी त्यांची सरळ व्याख्या. चिडवायला म्हणायचे, पण अगदीच खोटं नव्हतं. नाशकात सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात मी एकवीस वर्षं सॉफ्टवेअर विभागात होते. तिथे माझा जीव सगळ्यात जास्त कशात रमला असेल, तर ओळ सुरू करण्याआधी किती जागा मोकळी सोडायची, यात.

हे बाहेरच्या माणसाला सांगणं कठीण. हळदीकुंकवाला कुणी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता हो?" की मी "कॉम्प्युटर" एवढंच म्हणून वाण पुढे करायचे. आज जागा मिळाली आहे तर नीट सांगते.

आमच्या कारखान्यात पंपांचे आणि शीतगृहांचे कंट्रोल पॅनेल बनत. पॅनेलच्या पोटात नखाएवढी चिप, आणि तिने काय करायचं ते सांगणारा प्रोग्राम. तो आम्ही सी नावाच्या भाषेत लिहायचो. टाकी भरली असेल तर पंप बंद कर, बंद झाला नाही तर घंटा वाजव, अशा सूचना. यंत्राला या सगळ्या सूचना एका सलग ओळीत कोंबून दिल्या तरी चालतात, कारण ते फक्त कंस आणि अर्धविराम बघतं. माणसाला तसं वाचता येत नाही. म्हणून "टाकी भरली असेल तर" याच्या पोटात जे जे करायचं, त्या ओळी थोड्या उजवीकडे सरकवून लिहायच्या. त्यात आणखी एक "तर" निघाला की त्याच्या ओळी आणखी उजवीकडे. याला इंडेंटेशन म्हणतात. नीट केलेलं असेल तर काय कशाच्या पोटात आहे हे लांबूनही दिसतं, आणि नसेल तर चूक शोधता शोधता डोळे दुखतात.

आता किती सरकवायचं, यावर जगभर भांडणं आहेत, आणि आमच्या चार माणसांच्या विभागातही ती होती. जोशी दोन घरं, म्हणजे दोन अक्षरांएवढी मोकळी जागा, सोडायचा, मी चार. शकील आठ सोडायचा, कारण त्याचं म्हणणं, "ताई, हवा खेळली पाहिजे." बोरसे टॅबचं बटण दाबायचा. टॅब म्हणजे उजवीकडे एकदम उडी, पण ती केवढी दिसणार हे ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर ठरतं. त्यामुळे बोरसेच्या पडद्यावर सरळ दिसणारी फाइल माझ्या पडद्यावर गारपिटीनंतरच्या द्राक्षबागेसारखी दिसायची. माझ्या घरात पोळ्यांची चळतसुद्धा काठाला काठ लावून ठेवलेली असते. ऑफिसात मी ते किती दिवस सहन करणार?

म्हणून मी फणी लिहिली. कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची एक काळी खिडकी असते, तिच्यात फणी असा हुकूम टाइप करायचा, पुढे फाइलचं नाव द्यायचं आणि एंटर दाबायचं. चित्र नाही, बटण नाही, काही नाही. फाइल आत जाते आणि विंचरून बाहेर येते: चार-चार घरांचं इंडेंटेशन, कंस स्वतंत्र ओळीवर, ऐंशी अक्षरांपेक्षा लांब ओळ असेल तर योग्य जागी मोडलेली. अशी तयार अवजारं फुकट मिळतात हे मला तेव्हाही माहीत होतं. पण दुसऱ्याच्या फणीने केस विंचरायची मला लहानपणापासून सवय नाही.

सुरुवातीला फणीने मला तोंडघशी पाडलं. ओळीतल्या जास्तीच्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या, असं मी तिला शिकवलं होतं. त्यात अवतरणचिन्हांच्या आतला मजकूर वगळायला विसरले. आतला मजकूर म्हणजे पॅनेलच्या छोट्या पडद्यावर जे शब्द दिसतात ते. ते मधल्या मोकळ्या जागांवरच तोलून बसवलेले असतात, म्हणजे खालचे आकडे बरोबर त्यांच्या खाली येतात. पेठ तालुक्यातल्या एका पाणी योजनेवर आमचं पॅनेल गेलं, आणि आठवड्यात तिथल्या ऑपरेटरचा फोन आला.

"मॅडम, तुमची पेटी यड्यावानी कराय लागलीय."

"काय करतेय?"

"टाकीत पानी दोनशे तीस टक्के दाखवते."

"दोनशे तीस?"

"हा ना. वर चढून बघून आलू. टाकी भरेल नाय. पन पेटी सांगते, दोनशे तीस हाय. सरपंचाला दाखवलं, तो म्हनला, असू दे, जास्तच हाय ना, कमी तर नाय."

वरच्या ओळीतले शब्द डावीकडे सरकले होते आणि खालचे आकडे जागच्या जागी होते. त्यामुळे विजेचा दाब पाण्याच्या नावाखाली आला होता. मी दुसऱ्या दिवशी नवी चिप पर्समध्ये घालून एसटीने पेठला गेले. त्या ऑपरेटरने मला नागलीची भाकरी खाऊ घातली आणि म्हणाला, "ते दोनशे तीस बरं होतं मॅडम, लोकं खूश होती." परत आल्यावर मी फणीत पहिली दुरुस्ती केली, की अवतरणचिन्हांच्या आत हात घालायचा नाही. त्यानंतर फणीचं चुकलं असं फारसं कधी झालं नाही. माझं चुकलं, ते आता सांगते.

त्यासाठी शकील अन्सारीची ओळख करून द्यायला हवी. शकील मालेगावचा. वडिलांचे यंत्रमाग. तो डिप्लोमा करून नाशकात आला आणि माझ्यानंतर वर्षभराने आमच्या कारखान्यात लागला. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, शांत, कानावर कायम पेन. पंप कधी चालू करायचा, कधी थांबवायचा, वीज गेली तर काय, परत आली तर काय, हे सगळं अवघड डोकं त्याचं. मी काय करायचे? तपासायचे, चुका हुडकायचे, मांडणी करायचे, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. लिहायचे थोडं. हे मी आज मोकळेपणी सांगते आहे, तेव्हा असं कुणी विचारलंही नव्हतं.

शकीलचं आणि माझं एकच भांडण होतं. शीतगृहाच्या व्हॉल्व्हचे तक्ते तो आडव्या-उभ्या चौकटीत लिहायचा. उभा रकाना म्हणजे एक व्हॉल्व्ह, आडवी ओळ म्हणजे एक वेळ. फणी ते सगळं उलगडून चार-चार घरांच्या शिस्तीत लांबच लांब लावून द्यायची. तो म्हणायचा, "ताई, आमच्याकडे पातळाच्या काठाची नक्षी अशीच चौकटीच्या कागदावर काढतात. एक खाना चुकला तर लगेच दिसतो." मी म्हणायचे, नियम म्हणजे नियम. तो म्हणायचा, "तुमची फणी चांगली आहे ताई, लेकिन टक्कल पाडते." आणि हसून परत कामाला लागायचा.

बरीच वर्षं फणी ज्याने-त्याने आपल्या मर्जीने वापरली. मग एकदा मी सगळ्यांना बसवून कबूल करून घेतलं, की जुन्या-नव्या सगळ्या फायली एकदम विंचरायच्या, आणि पुढे सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायचं. एका दुपारी मी फणी चालवली. शेकडो फायली चहा निवायच्या आत सरळ झाल्या. मग चिपसाठीचा प्रोग्राम विंचरण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही बनवून मी ताडून पाहिले. तंतोतंत सारखे. एका अक्षराचा फरक नाही. मी पेढे वाटले.

प्रोग्रामच्या धंद्यात प्रत्येक बदलाची हिस्ट्री ठेवतात. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली, सगळं आपोआप नोंदलं जातं. त्यात मी त्या दिवशी माझ्या नावाने एकच मोठी नोंद केली आणि शेजारी शेरा लिहिला: "फक्त मांडणी. अर्थ बदललेला नाही." यंत्राच्या बाजूने बघितलं तर तो शेरा पूर्ण खरा होता.

वर्षभरात आमचा कारखाना पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने घेतला. सॉफ्टवेअर पुण्याला न्यायचं ठरलं. नाशकात दोनच माणसं ठेवायची, बाकीच्यांनी पुण्याला जायचं नाहीतर नोकरी सोडायची. जोशी स्वतःहून पुण्याला जायला निघाला, त्याची सासुरवाडीच तिकडे. उरलो मी, बोरसे आणि शकील, आणि खुर्च्या दोन. बोरसेला फारशी चिंता नव्हती, तो कुठेही गेला असता. शकीलचे वडील मात्र अंथरुणाला खिळलेले. मालेगावहून त्यांना इकडे आणून त्याने तळमजल्यावर घर घेतलं होतं, बायको आणि तो पाळीपाळीने त्यांचं करायचे. त्याला पुण्याला जाणं शक्य नव्हतं. आणि चाळिशी उलटून गेलेल्या माणसाला नाशकात असं काम दुसरं कोण देणार?

निवड करायला सोनवणे नावाचे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता. पण त्याने आमच्यापैकी कुणालाही काम करताना पाहिलं नव्हतं, म्हणून त्याने हिस्ट्रीला विचारलं. सध्याच्या प्रोग्राममधली कोणती ओळ शेवटी कुणाच्या हातची, हे सांगणारी एक कमांड असते. तिचं नावच ब्लेम आहे, म्हणजे दोष कुणाला द्यायचा ते सांगणारी. सोनवण्यांनी ती सगळ्या फायलींवर चालवली, नावांप्रमाणे ओळी मोजल्या, आणि तक्त्याचा कागद माझ्यासमोर सरकवला.

"मॅडम, तुम्ही तर हा विभाग एकटीने चालवलाय!"

कागदावर माझं नाव पहिलं. बाकीच्यांच्या आकड्यांची बेरीज केली तरी माझ्या पासंगाला पुरत नव्हती. आणि मला आनंद झाला. लपवून काय करू? एकवीस वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. अर्धा मिनिट तरी मी त्या कागदाकडे बघून सुखावले होते, आणि त्या अर्ध्या मिनिटाची मला आजही लाज वाटते.

मग सोनवणे म्हणाले, "हे अन्सारी मात्र शेवटी आहेत. दिवसभर करतात काय हो?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फणीने ज्या ज्या ओळीची मोकळी जागा बदलली, जो जो कंस खाली नेला, ती प्रत्येक ओळ हिस्ट्रीच्या दृष्टीने मी लिहिलेली. शकीलचं एवढ्या वर्षांचं काम एका दुपारी, पेढे वाटून, माझ्या नावावर झालं होतं. त्याच्या नावावर उरल्या होत्या फक्त विंचरणीनंतरच्या ओळी, आणि त्या वर्षात त्याचा निम्मा वेळ वडिलांपायी दवाखान्यात गेला होता.

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "बघावं लागेल," आणि उठून जागेवर आले.

दोन दिवस मी काही बोलले नाही. खरा हिशोब निघाला तर तिसरी कोण, हे मला माहीत होतं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मला ती दोन वर्षं हवी होती. पैशासाठी नाही, आमच्या यांचं पेन्शन आहे, गंगापूर रोडचा फ्लॅट आहे. मला ते ऑफिस हवं होतं, माझा पडदा, सकाळची ती काळी खिडकी. दुसऱ्या दिवशी जेवताना मी यांना सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक त्या साहेबाला," हे म्हणाले.

"सांगितलं तर माझी खुर्ची जाते."

"मग नको सांगू."

"असं कसं नको सांगू?"

"मग मला कशाला विचारतेस? ते लोणचं इकडे दे."

तिसऱ्या दिवशी मी सोनवण्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय. पण यादी पुण्याला आकड्यांवरच जाणार. तोंडी कसं लिहू मी? रेकॉर्डवर दाखवा. पुढच्या शुक्रवारपर्यंत."

बाहेर येऊन शकीलला सांगितलं, तर तो हसायला लागला. मला इतका राग आला!

"हसतोस काय? तुझी नोकरी चाललीय."

"नाही ताई, हसू यासाठी आलं, की मी वर्षभर विचार करत होतो, सगळे मला प्रश्न विचारायचे बंद का झाले. कुठली लाईन असो, कॉम्प्युटर तुमचं नाव सांगतो आणि सगळे तुमच्याकडे जातात."

हेही खरं होतं. त्या वर्षात सगळे मलाच विचारायचे आणि मी शकीलला विचारून उत्तर द्यायचे. मला वाटायचं, माझा अनुभव वाढला.

"जाऊ द्या ना ताई," तो म्हणाला. "लाईन तर मशीन वाचतं. नाव थोडंच वाचतं?"

"सोनवणे वाचतात. ऊठ, खुर्ची इकडे घे."

आधी सोपा उपाय करून पाहिला. ब्लेमला सांगता येतं, की मोकळ्या जागेतले बदल सोडून दे. त्याने थोडं जमलं. पण फणीने लांब ओळी मोडल्या होत्या, कंस हलवले होते, शकीलचे तक्ते उलगडले होते. ते सगळं माझ्याच नावावर राहिलं. मी फार नीटनेटकं काम केलं होतं, त्याचीच ही शिक्षा.

मग एकच वाट उरली. हिस्ट्रीची नक्कल घ्यायची आणि अगदी पहिल्या नोंदीपासून सुरुवात करायची. पहिली नोंद, तिला फणी लावायची, आणि ज्याने ती केली होती त्याच्याच नावाने, त्याच्याच तारखेने परत ठेवायची. मग दुसरी, मग तिसरी. म्हणजे जणू पहिल्या दिवसापासून आमच्याकडे फणी होती आणि प्रत्येकाने विंचरूनच लिहिलं. असं केलं की शेवटच्या मोठ्या विंचरणीत बदलायला काहीच उरत नाही, आणि प्रत्येक ओळ आपल्या मालकाच्या नावावर राहते. नोंदी हजारोंनी होत्या, पण फणीला त्याचं काय? मी छोटासा प्रोग्राम लिहून तिला सकाळी कामाला लावलं आणि निश्चिंत होऊन डबा उघडला.

जेवून येऊन बघते, तर फणी थांबलेली. एका जुन्या नोंदीत एक कंस उघडला होता आणि बंदच केला नव्हता. बंद न झालेला कंस म्हणजे फणीला वाटतं, पुढचं सगळं त्याच्याच पोटात. ती बिचारी ओळी उजवीकडे, आणखी उजवीकडे सरकवत फाइलच्या शेवटापर्यंत गेली होती. तो कंस हाताने बंद केला, फणी पुढे गेली आणि परत अडकली. मग परत. सात-आठदा झाल्यावर मी तारखा बघितल्या. सगळ्या शकीलच्या नोंदी, सगळ्या शुक्रवारच्या, सगळ्या दुपारी पाऊणच्या सुमाराच्या.

"शकील, हे काय आहे?"

त्याने वाकून बघितलं आणि ओशाळून हसला. "जुम्म्याची नमाज ताई. मशिदीतली जमात, सगळ्यांबरोबरची, चुकू नये म्हणून जेवढं झालं तेवढं सेव्ह करून पळायचो. परत आल्यावर कंस बंद करायचो."

मी त्याला चांगलंच सुनावणार होते, तेवढ्यात फणी सातव्या वर्षातल्या एका नोंदीवर अडली. ती माझी होती. वेळ पाच वाजून पन्नास मिनिटं, कंपनीची बस सहाची. तशा माझ्याही बऱ्याच निघाल्या.

अशा अर्धवट नोंदी हाताने नीट करायच्या, तर तो कंस कुठे बंद होणार होता हे माहीत हवं. मी ओळ वाचून दाखवायचे आणि शकील डोळे मिटून सांगायचा. "ते? त्यात वीज परत आल्यावर तीन मिनिटं थांबायचं होतं. तीन ओळी खाली बंद करा." इतक्या वर्षांपूर्वीच्या शुक्रवारचा कंस त्याला आठवत होता. मला माझ्या बसच्या वेळच्या ओळी परत परत वाचाव्या लागत होत्या, आणि तरी दोनदा शकीलनेच सांगितलं, "ताई, तुम्ही इथे टाकी रिकामी आहे का ते बघत होता."

चौथ्या दिवशी निम्म्यावर आलो असू, तेव्हा त्याने एकदम माझ्या कीबोर्डवर हात ठेवला. त्याच्या लक्षात आलं होतं.

"ताई, बस करा. यात तुम्ही तिसऱ्या येताय."

"मला माहीत आहे."

"मग कशाला करता? मी बघेन काहीतरी. अब्बांना परत मालेगावला नेईन. बघू."

"हात काढ," मी म्हणाले. "आणि हा कंस कुठे बंद होतो ते सांग."

त्याने हात काढला नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि माझेही. शेवटी मीच त्याचा हात उचलून बाजूला ठेवला. बोरसे मागून बघत होता. तो तीन चहा घेऊन आला, एकवीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी जाऊन.

गुरुवारी दुपारी फणी शेवटच्या नोंदीपर्यंत पोचली. नव्या हिस्ट्रीतून बनवलेला प्रोग्राम कारखान्यात चालू असलेल्या प्रोग्रामशी ताडून पाहिला. तंतोतंत. मग सोनवण्यांना शेजारी बसवून त्यांच्याच हातून ब्लेम चालवायला लावलं, म्हणजे कुणी म्हणायला नको, की बाईने आकडे घुसडले. शकील पहिला, फार लांबचा पहिला. बोरसे दुसरा. मी तिसरी, आणि माझा आकडा मला वाटलं होतं त्याहूनही कमी.

सोनवण्यांनी तो तक्ता छापून घेतला.

"हा तक्ता वर पाठवू, मॅडम?"

"पाठवा."

"खुर्च्या दोनच आहेत."

"मला मोजता येतं, साहेब."

ते हसले, मग जरा ओशाळले. म्हणाले, "तुमची ती फणी यात मोजलेली नाही. ती विकायच्या मालात नाही ना." हे त्यांनी माझी बाजू घेऊन म्हटलं, हे मला कळलं. त्यांनी पुण्याची जागा देऊ केली. मी आभार मानून नको म्हटलं. नाशिक सोडून मला काठाला काठ लावता येत नाही.

यादी गेली. शकील आणि बोरसे राहिले, मी महिन्याभरात नोकरी सोडली. लोक विचारतात, वाईट नाही वाटलं? वाटलं ना. चांगलं महिनाभर मी घरात चिडचिड केली. यांचे कपाटातले शर्ट रंगांप्रमाणे लावले, मग बाह्यांप्रमाणे लावले. शेवटी हे म्हणाले, "माझ्या शर्टांना तुझी ब्लेम लावू का? एकही माझा निघायचा नाही." तेव्हा मला हसू फुटलं आणि त्यानंतर बरं वाटायला लागलं. निरोपाच्या दिवशी शकीलच्या बायकोने केशर घालून गोड भात पाठवला होता. शकील भाषणाला उभा राहिला आणि एक वाक्यही पुरं न करता खाली बसला.

फणी अजून तिथे चालते. शीतगृहाच्या तक्त्यांना लावत नाहीत. मी जाण्याआधी माझ्या हाताने तशी सोय करून आले. नक्षीचा कागद चौकटीतच बघावा हे मला उशिरा पटलं, याबद्दल मी शकीलची माफीही मागितली.

परवा सहज ऑफिसात गेले होते. शकील आता विभाग सांभाळतो. त्याच्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, जरा बघ रे, त्या सगळ्या ढिगात आता माझं काय राहिलंय? त्याने ब्लेम चालवली. पानं भरभर सरकत गेली, अन्सारी, अन्सारी, बोरसे, अन्सारी. मध्येच कुठेतरी माझं नाव यायचं, दोन ओळींसाठी, पाच ओळींसाठी, आणि निघून जायचं. शकील दर वेळी थांबून ती ओळ मोठ्याने वाचायचा. सगळं मिळून पुरतं एक पान भरलं नाही. ते माझं आहे.